गोलकीपर नसण्यामागचं कारण
"गोलकीपर नाही, गोल मोजत नाहीत, मग हा खेळ कसला?" असं अमेरिकेतल्या लहान मुलांच्या फुटबॉलबद्दल वर एका आजोबांनी विचारलंय. मला नाही पटलं. अमेरिकेत ८ वर्षांखालची मुलं गोलकीपरशिवाय ४ विरुद्ध ४ खेळतात ते मुद्दामच. मैदान लहान, खेळाडू कमी, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. अकरा-अकरा उतरवली तर निम्मी पोरं गवत उपटत बसतील. (आमचा नातू तरीही उपटतोच, ते सोडा.)

हेडरबद्दल, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्याबद्दल, मात्र इथे कुणी लिहिलं नाही. मेंदूला इजा होऊ नये म्हणून यूएस सॉकर या तिथल्या फुटबॉल संघटनेने २०१६ पासून १० वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारायला बंदी केली आहे. मुद्दाम मारला तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यातून थेट गोल करता येत नाही अशी) मिळते. तेव्हा कडेला खुर्ची टाकून "अरे, डोक्याने मार!" ओरडू नका, नातवाला मराठी बरोबर कळतं.