मोडी कागदात ‘कुणबीण सोडली’ म्हणजे काय?

मंडळी, बडोद्याच्या आमच्या जुन्या घरात आजोबांच्या पेटीत मोडी कागद निघाले, एका ओळखीच्यांनी वाचून दिले तर एकात ‘कुणबीण सोडली’ असं आहे, मला वाटलं कोणी शेतकरीण असेल, पण मग सोडली म्हणजे?

मोडीवेडा: शेतकरीण नाही हो! पेशवाईच्या कागदांत कुणबीण म्हणजे दासी, विकत घेतलेली सुद्धा. बहुतेक सुटकेचा कागद आहे तुमच्याकडे, लॅमिनेट अजिबात करू नका.

दांडियाबाजारकर: १८४३ च्या कायद्याने गुलामावरचा हक्क कोर्टात चालेनासा झाला, पण तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात, गायकवाडीत म्हणजे बडोदा संस्थानात नाही. आधी तारीख बघा.

मोडीवेडा: आणि तिचं नाव आहे का?

प्रश्नकर्ती: आहे, नुसतं नाव, बापाचं वगैरे काही नाही. किंमत मात्र व्यवस्थित लिहिलीये.