गायीच्या खाद्यात हाडांचा भुगा: बंदी आता सैल करायची का?

रवंथ:
मॅड काऊच्या, म्हणजे आजारी गुरांचा मांस-हाडांचा भुगा खाद्यातून खाऊन गायींना होणाऱ्या मेंदूच्या रोगाच्या, केसेस आता जगभरात वर्षाला बोटावर मोजण्याइतक्या सापडतात, म्हणून 2021 ला युरोपियन युनियनने डुकरांचं प्रोटीन (तसलाच भुगा) कोंबड्यांना आणि कोंबड्यांचं डुकरांना घालायला परत परवानगी दिली. पुढची मागणी काय येणार ते सांगायला ज्योतिषी नको. माझं स्पष्ट मत, पाळलेल्या कुठल्याच जनावराला असा भुगा घालायचा नाही ही युनियनची 2001 ची सरसकट बंदी होती तशीच ठेवायला हवी होती. ब्रिटनने काय केलं आठवा. जुलै 1988 ला कायदा आला की गुरांचा मांस-हाडांचा भुगा गुरांना घालायचा नाही. वाचायला एकदम करेक्ट, पण तोच भुगा डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यात 1996 पर्यंत चालत होता आणि दोन्ही खाद्यं कित्येकदा एकाच मिलमध्ये बनायची. बंदीनंतर जन्मलेल्या हजारो गायींना रोग झालाच ना?

हिशोबी:
अरे पण 2021 ची सूट नीट वाच की. गाय, शेळी, मेंढीच्या भुग्याला त्यात परवानगी नाही, आणि गुरांच्या खाद्यात डुकराकोंबड्यांचा भुगासुद्धा चालत नाही. डुकराचं डुकराला पण नाही. खाण्यातून कोंबडीला किंवा डुकराला बीएसई (मॅड काऊ) झाल्याचं प्रयोगातही दिसलं नाही. मग कत्तलखान्यातलं चांगलं प्रोटीन वाया घालवायचं आणि त्याच्या बदल्यात जहाजं भरभरून सोया आणायचा, हे कुठलं शहाणपण? 1988 च्या चुकीची शिक्षा आजच्या शेतकऱ्याला किती वर्षं द्यायची?

रवंथ:
ब्रिटनमध्ये 1,80,000 च्या वर गुरं गेली आणि त्या रोगाच्या माणसातल्या प्रकाराने 178 माणसं. शिक्षा कोणाला झाली ते बघ आधी.

मिक्सरवाला:
पशुखाद्याच्या मिलमध्ये 11 वर्षं काढलीत म्हणून बोलतो. बॅच बदलली की मध्ये साधं भरडलेलं धान्य फिरवून लाइन साफ करायची, त्याला आम्ही फ्लश म्हणायचो. कागदावर फ्लश झाला की झालं. पण खाद्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बुडाशी हात घातला की मागच्या बॅचचा ओलसर, घट्ट बसलेला थर मूठभर निघायचा, आणि तो कधी सुटून कुठल्या पोत्यात जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आजारी गायीच्या मेंदूचा 1 ग्रॅमसुद्धा वासराला पुरतो हे प्रयोगात दिसलंय, आणि हा रोग पसरवणारं प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रोटीन काही उकळून मरत नाही. म्हणून माझं म्हणणं, गुरांचं खाद्य आणि बाकीचं खाद्य यांची मशीनच वेगळी हवी. बंदी पोत्यावर लिहून काय उपयोग, ती लाइनवर पाहिजे. तेवढं असेल तर सूट द्या, माझी ना नाही.

गुरांचा डॉक्टर:
सगळे खाद्यावरच भांडताय. रोग पकडायचा कसा ते पण बोला. जिवंत गायीवर चालणारी खात्रीची टेस्ट नाहीये, मेल्यावर कवटीच्या मागच्या भोकातून मेंदूच्या देठाचा तुकडा काढावा लागतो. त्याआधी सगळं मालकाच्या नजरेवर. गाय दारातून आत यायला बिचकते, धार काढताना उगाच लाथा झाडते, मागचे पाय लटपटतात. आता असं जनावर दिसल्यावर मालक फोन करणार की गुपचूप विकणार? ब्रिटनमध्ये 1988 ला रोग नक्की ठरलेल्या गायीची निम्मीच किंमत मिळायची, पूर्ण भरपाई फेब्रुवारी 1990 पासून. निम्म्या पैशात प्रामाणिकपणा मागणारा कायदा मला तरी कच्चाच वाटतो.

हिशोबी:
डॉक्टर, हे मात्र पटलं. पण पूर्ण भरपाई दिली की लोक म्हाताऱ्या गायी पण आजारी म्हणून दाखवतील, त्याचं काय?

गुरांचा डॉक्टर:
दाखवू देत. टेस्ट मेंदूची होते, मालकाच्या शब्दाची नाही. आणि म्हाताऱ्या गायीत खाद्याशी संबंध नसलेला, आपोआप होणारा प्रकार असतोच, डिसेंबर 2024 ला स्कॉटलंडमध्ये सापडला तो त्यातलाच. तसली गाय उलट तपासायलाच हवी. तिचा भुगा खाद्यात गेला तर परत सगळं पहिल्यापासून सुरू.

रवंथ:
मिक्सरवाले, एक विचारू? तुमच्याकडे तपासणीला कोणी यायचं का?

मिक्सरवाला:
यायचे की. सांगून यायचे. आदल्या रात्री आम्ही दोनदा फ्लश मारायचो.

हिशोबी:
मग न सांगता तपासणीला यायचा कायदा करा म्हणावं, बंदी कशाला वाढवता!