सर्दीने नाक बंद असताना घरच्यांसाठी रांधताना: तुमच्याकडे चव कोण बघतं?

कोपरीची लेक

काल रात्री माझ्या हातून फोडणी जळली. मोहरी तडतडली, हिंग टाकलं, लसूण टाकला आणि मी नाक पुसायला वळले. तीन दिवस नाक पार चोंदलंय, त्यामुळे वास कळायचा प्रश्नच नव्हता. हॉलमधून आठ वर्षांचा लेक ओरडला, "आई, करपतंय!" गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. कारण हेच वाक्य मी लहानपणी कितीदा तरी ओरडलेय.

1991-92 ची गोष्ट. ठाण्यात कोपरीला एका खोलीत आम्ही पाच जण. पाणी पहाटे यायचं. डिसेंबर-जानेवारीत त्या गार पाण्यात हात घालून आई हंडे-कळश्या भरायची, की ठरलेलं पडसं यायचंच. बाबांची वागळे इस्टेटला पहिली पाळी, म्हणजे सहाच्या आत डबा तयार हवा. नाकाला पदर, डोळ्यांतून पाणी, आणि तवा तापलेला. मला झोपेतून उठवून स्टुलावर बसवायची आणि म्हणायची, "आज तू माझं नाक हो गं." लसूण तांबूस झाल्याचा वास आला की मी सांगायचं. आमटीचा एक थेंब फुंकर घालून माझ्या तळहातावर ठेवायची. मी "मीठ" म्हटलं की दुसरा शब्द न विचारता चिमूट टाकायची. मला वाटायचं आई माझ्याशी खेळतेय.

काल कळलं की तो खेळ नव्हता. तिला खरंच चव लागत नव्हती आणि घरात तेवढ्या पहाटे विचारायला मीच होते. ती स्वतः सर्दीत काय खायची, तिला कोणी काही करून द्यायचं का, हे आठवायचा रात्रभर प्रयत्न केला. आठवत नाही.

लेकाला चमचा दिला. मुगाच्या खिचडीत "आंबट हवं" म्हणाला. दोन आमसुलं टाकली. सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

तुमचे अनुभव लिहा ना.

घणसोलीकर

आमच्याकडे सर्दी म्हणजे चिंबोऱ्यांचा रस्सा. आई स्वतः शिंकत असली तरी तीच करायची, दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. बारीक पाय वेगळे काढून पाट्यावर ठेचायचे, पाण्यात कोळून गाळून घ्यायचे आणि तो अर्क रश्शात. खरी ताकद त्यातच. वर आगरी मसाला आणि लसूण सढळ हाताने. "गरम गरम पी, नाक मोकलं व्हतं." व्हायचंच. तांदळाच्या भाकरीशी खायचं आणि घाम पुसत झोपायचं. आता खाडीत पूर्वीसारखी मिळत नाहीत, मी बेलापूरला दिवाळ्याच्या बाजारातून आणतो. आवसेच्या सुमाराला भरलेली मिळतात.

मेतकूट भात

तळहातावर थेंब!! माझी आजी अगदी असंच करायची. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

रात्रपाळी

महापेला रात्रपाळी करतो, कोपरखैरणेत आम्ही चौघे राहतो. गेल्या आठवड्यात चौघेही आडवे. बाहेरचं मागवून दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी कोणाच्या घशाखाली उतरेना. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने फोन कुकरकडे धरायला लावला. "डाळ धुतलीस का? पाणी दाखव. अजून एक वाटी घाल, पातळच हवी." हळद किती ते रंग बघून सांगितलं. शिट्टी होईपर्यंत कॉल चालू ठेवला होता. आई तिकडे निवडणं घेऊन बसली होती, बोलणं फारसं नाही. वाढून घेतल्यावर "तूप घातलंस का" विचारलं आणि मग ठेवला. खिचडी चांगली झाली होती.

नौपाडा ते नेरूळ

रात्रपाळी, वाचून डोळे भरून आले. आईला सांगा, इथे एका मावशीने नमस्कार सांगितलाय.

माझा अनुभव भोगीचा. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, 13 जानेवारी, आणि मला कणकण, घसा बसलेला, नाक गच्च. जांभळी नाक्यावरून आदल्या दिवशी सगळं आणलेलं: वांगी, गाजरं, पावट्याच्या शेंगा, ओला हरभरा, बोरं. घरात सुनेच्या हातची पहिली भोगीची भाजी म्हणून कौतुक. आता नैवेद्याचं चाखायचं नाही, त्यामुळे एरवीही अंदाजानेच करायचं, पण एरवी निदान वासावरून कळतं. तीळकुटाचा वास नाही, गोडा मसाला परतल्याचा वास नाही. अगदी रडवेली झाले होते. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या नाहीत. बाहेर शेंगदाणे सोलत बसल्या आणि तिथूनच सांगत राहिल्या. "आता वास सुटला, पाणी घाल." "तीळ भाजले गेले, उतरव." थोड्या वेळाने, "झाकण ठेव, पाच मिनिटं." आत येऊन हातातलं काढून घेतलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, हे त्यांना न सांगता कळलं होतं. बाजरीच्या भाकऱ्या मात्र त्यांनी थापल्या, कारण माझ्या शिंका थांबत नव्हत्या.

भाजीत मीठ किंचित कमी होतं. पानावर कोणी बोललं नाही. सासूबाईंनी सगळ्यांच्या पानात आधीच लोणचं वाढून ठेवलं होतं.

खारी बटर

लोणचं! काय माणूस.

ऐरोलीहून

मी नर्स आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय म्हणून थोडक्यात. सर्दी विषाणूने होते, अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. उरलेल्या गोळ्या घरच्यांना देऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजीने कितीही सांगितलं तरी. वाफेचं पातेलं पलंगावर ठेवू नका, लहान मुलं भाजून येतात आणि ते बघवत नाही. रांधताना रुमाल बांधा, शिंकल्यावर साबणाने हात धुवा. आणि दहा दिवसांनंतरही बरं नसेल, ताप चढत असेल किंवा धाप लागत असेल तर डॉक्टरांकडे जा, काढ्यावर भागवू नका.

मी स्वतः? घरी गेल्यावर मेतकूट, मऊभात, तूप. नवऱ्याला तेवढंच येतं आणि तो ते फार छान करतो.

वाफाळता

ऐरोलीहून ताई, यात एक भर. नाक बंद असलं की गॅसचा वासही येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात वासाचं रसायन घालतात. पण नाकच चालत नसेल तर ते घालून काय उपयोग. मागच्या थंडीत दूध उतू जाऊन बर्नर विझला. मी समोर उभा राहून भाजी चिरत होतो आणि मला पत्ता नाही. मुलगी पाणी प्यायला आली म्हणून वाचलो. तिने दिवा लावायला हात नेला होता, मी जोरात ओरडलो. आधी नॉब बंद केला, मग खिडक्या उघडल्या, बटणाला हात लावला नाही. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा नंबर आहे, फ्रिजवर लिहून ठेवा. पाइप गॅसवाल्यांनी बिलावरचा आणीबाणीचा नंबर लिहून ठेवा. तेव्हापासून मला सर्दी असली की ओट्याशी मी एकटा नसतो, हा नियम केलाय.

कोपरीची लेक

वाफाळता, बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता जाऊन नंबर चिकटवला.

कुळीथ आमसूल

कुळथाचं पिठलं कोणीच कसं लिहिलं नाही? तीन चमचे पिठी, दोन-अडीच वाट्या पाणी. पिठी आधी गार पाण्यात कालवून घ्या नाहीतर गुठळ्या होतात. भरपूर लसूण, हिरवी मिरची, फोडणीत पाणी, दोन आमसुलं, उकळी आली की पिठी सोडायची आणि ढवळत राहायचं. भातावर सैलसर. मागच्या वर्षी मी आणि दोन्ही मुलं एकत्र आजारी होतो, नवरा परगावी. पाच दिवसांत तीनदा तेच केलं. मुलं अजून "तापातलं पिठलं" म्हणून मागतात.

घणसोलीकर

कुळथाला माझा सलाम. पण चिंबोरी ती चिंबोरी.

खारी बटर

गवती चहा कुठे मिळतो ठाण्यात? घोडबंदर रोडला आमच्या भाजीवाल्याकडे कधी असतो, कधी नाही. आईला रोज लागतो.

मेतकूट भात

आले. हं, आजी. पण आधी माझं. 2021 मध्ये माझा वास गेला तो पाच महिने आला नाही. साधी सर्दी नव्हती, ते दिवस आठवत असतीलच. जीभ खारट, गोड, आंबट, कडू एवढंच सांगते, बाकी जिऱ्याचं जिरेपण नाकातच असतं हे तेव्हा समजलं. घरात सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांना माझ्या हातचंच लागायचं. मग कानांनी आणि डोळ्यांनी रांधायला शिकले. मोहरीचे टिचकीसारखे आवाज विरळ झाले की जिरं. कांदा शिजताना आधी चुरचुर मोठी असते, पाणी आटलं की बारीक होते, तेव्हा मसाला. रवा उलथन्याला हलका लागायला लागला की भाजला गेला. मीठ मात्र मापी चमच्याने, आणि सासऱ्यांना पहिला घास. ते बोलू शकत नव्हते, मान हलवायचे. एकदा आमटीला दोनदा मान हलवली. तो दिवस मी अजून धरून आहे. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले. माझा वास परत आला तो त्यानंतर, पहिल्यांदा आला तो उदबत्तीचा.

आजीचं नंतर लिहिते.

नौपाडा ते नेरूळ

🙏 मेतकूट, सावकाश लिही.

रात्रपाळी

मावशी, आईला नमस्कार पोचवला. ती विचारतेय भोगीच्या भाजीत तुम्ही चाकवत घालता का.

नौपाडा ते नेरूळ

नाही रे, आमच्यात नाही घालत. पण यंदा घालून बघते, सांग तिला. तुर्भ्याच्या मार्केटला मिळेल.

कोपरीची लेक

दुपारी आईला फोन केला. आता बदलापूरला भावाकडे असते. सरळ विचारलं, तेव्हा सर्दीत तुला कोण करून घालायचं? थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही शाळेत गेलात की शेजारच्या काकू पेज आणायच्या. पितळी पातेल्यात, वर मिठाची कणी आणि लिंबाचं लोणचं. दारातच बसून मला संपवायला लावायच्या, पातेलं रिकामं घेऊनच जायच्या." मला यातलं काहीच माहीत नव्हतं. काकू आठवतात, पण आम्ही त्यांच्या अंगणात बॉल टाकला की ओरडायच्या, एवढ्याच.

आज लेकाने स्वतःहून स्टूल ओढून घेतलं. पेज करतेय.

ऐरोलीहून

तुझ्या वाटीत आधी वाढ.

कुळीथ आमसूल

खारी बटर, गवती चहाचं आमच्या मानपाड्याच्या गच्चीवर मोठं बेट झालंय. मुळासकट दोन फुटवे काढून देते, मोठ्या कुंडीत लाव, ऊन आणि पाणी भरपूर. आईला तोवर पात्यांची एक जुडीही देईन. संदेश टाक.

खारी बटर

टाकला! रविवारी सकाळी येते. येताना खारी आणते.