बॉटच्या स्क्रिप्ट्स एकाच जागी ठेवाव्यात की प्रत्येक प्रकल्पात वेगळ्या?

खटपट्या:
पायविकिबॉटवर (विकी पानांवर आपोआप बदल करणारे बॉट चालवायची पायथन प्रणाली) माझे चार प्रकल्प चालतात: दोन विकिपीडियांवर, एक विक्शनरी या शब्दकोशावर, एक विकिडेटा या माहितीसाठ्यावर. चार फोल्डर, आणि साचे बदलणाऱ्या एकाच स्क्रिप्टच्या चार प्रती. रेगेक्समधली (मजकूर शोधायच्या नमुन्यातली) चूक एका प्रतीत सुधारली, बाकीच्या तीन विसरलो. त्यातल्या एकीने रात्रीत शे-दोनशे पानांची वाट लावली. सकाळी उलटवत बसलो, चहासुद्धा गार झाला.

माझं मत पक्कं झालंय. स्क्रिप्ट्स एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि यूजर-कॉन्फिग या सेटिंग्जच्या फाइलमधल्या 'यूजर स्क्रिप्ट पाथ्स' यादीत त्याचं नाव द्यायचं. पायविकिबॉटचा पीडब्ल्यूबी हा चालक त्या शोधून चालवतो. प्रती ठेवणं म्हणजे निव्वळ आळस.

घुबड:
आळस कसला? शहाणपण आहे ते! एकच प्रत असती तर तीच चूक चारही प्रकल्पांत एकदम गेली असती. विकिडेटाच्या गरजेपायी सामायिक फंक्शनला हात लावलास की विक्शनरीचं काम कधी मोडलं ते कळतही नाही. माझ्याकडे प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचा व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं वातावरण) आहे. एक जुन्या आवृत्तीवर अडकलाय, तो तसाच राहू दे.

शिवाय नावांची भानगड आहेच. तुझ्या फोल्डरमध्ये 'रिप्लेस' नावाची फाइल असली की पायविकिबॉटच्या मूळ रिप्लेस स्क्रिप्टऐवजी तीच चालते. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

खटपट्या:
नावापुढे आद्याक्षरं लाव, मिटलं. आणि मोडलं का ते बघायला सिम्युलेट पर्याय आहे, तो काही जतन करत नाही. तू वापरतोस का कधी?

घुबड:
वापरतो. तू त्या रात्री वापरला होतास का?

तिसरी घंटा:
भांडा, पण एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटलीय. घुबड, तुझ्या प्रत्येक प्रकल्पाचं मूळ फोल्डरही (ज्यात यूजर-कॉन्फिग असतं ते) वेगळं आहे ना? पायविकिबॉट चालू असलेल्या प्रक्रियांची नोंद थ्रॉटल फाइलमध्ये ठेवतो आणि एकाच साइटवर दोन बॉट दिसले की दोघांमधलं अंतर वाढवतो. ती फाइल मूळ फोल्डरमध्ये असते. फोल्डर वेगळे म्हणजे बॉट एकमेकांना ओळखतच नाहीत. दोन जतनांमध्ये ठरलेले 10 सेकंद प्रत्येक जण आपापले मोजतो आणि साइटवर दुप्पट वेगाने लिखाण होतं.

घुबड:
हे खरंच ध्यानात नव्हतं. माझे दोन बॉट एकाच विकीवर आहेत. त्यांचं मूळ फोल्डर आजच एक करतो. स्क्रिप्ट्सच्या प्रती मात्र वेगळ्याच राहतील, खटपट्याने उगाच खूश होऊ नये.

खटपट्या:
अर्धा विजय तर झाला! क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत डिर पर्यायाने त्या मूळ फोल्डरचा पूर्ण पाथ दे. क्रॉन होम फोल्डरमधून सुरू होतो, त्याला तुझं कॉन्फिग सापडणार नाही.