विहारातली फुलं

"बौद्ध विहारातही फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती आलीच, मग देवळातली पूजा वेगळी ती काय?" असं काही जण विचारतात. मुद्दा अर्धा मान्य. फुलं वाहताना जी पाली गाथा म्हणतात तिच्यातच 'पूजेमि बुद्धं' आहे, ते नाकारून कसं चालेल? पण पुढचीच ओळ बघा, 'पुप्फं मिलायाति यथा इदं मे'. हे फूल कोमेजतं तसा माझा देहही नाश पावणार. मागणं असलंच तर ते मोक्षाचं, नवस तर नाहीच.

आणि नुसत्या फुलांवर थांबू नका, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मवाचनाच्या काळात, या. आमच्या यवतमाळकडच्या गावात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री विहारात डॉ. आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वाचतात. दिवस निंदणाचे. बाया वावरातून येणार, स्वयंपाक उरकणार, मग पांढरं पातळ नेसून विहारात. त्यामुळं साडेआठच्या आत वाचन काही सुरू होत नाही (त्यात लाइन गेली तर मेणबत्तीवर). माझी आई चौथी शिकलेली. तिच्या वाट्याचं पान ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, पण स्वतःच वाचते. मधे कोणी शब्द सांगितला की चिडते.