मदत हवी आहे: घशाचा ताप उतरत नाही, त्यात अंगभर पुरळ

घणसोलीकर:
माझ्या धाकट्या भावाला घसा दुखून ताप आला आणि औषध सुरू केल्यावर अंगभर लाल पुरळ उठले आहे. पुढच्या आठवड्यात ठाण्याला त्याचे कबड्डीचे सामने आहेत. ही ॲलर्जी समजायची का? कृपया लवकर सांगावे.

येऊरवासी:
वय किती, औषध कोणते, मानेत गाठी आहेत का, रक्त तपासले का, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

नेरुळ पूर्व:
पावसाळ्यातला ताप म्हणजे डेंग्यू. पपईच्या पानांचा रस द्यावा. आमच्याकडे गुण आला होता.

घणसोलीकर:
वय वीस, औषध ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक. मानेत दोन्ही बाजूंना गाठी आहेत. डेंग्यूचा अहवाल निगेटिव्ह असून लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढलेले आहेत. मूळ प्रश्नाचे उत्तर मिळेल का?

येऊरवासी:
डॉक्टरांना मोनोन्यूक्लिओसिसबद्दल जरूर विचारावे. लाळेतून पसरणाऱ्या एप्स्टाइन-बार विषाणूमुळे तो होतो. आपल्याकडे बहुतेकांना हा संसर्ग लहानपणीच नकळत होऊन जातो, पण विशीच्या आसपास पहिल्यांदा गाठला तर माणूस आडवा होतो. या आजारात ॲमॉक्सिसिलिन घेतल्यावर असे पुरळ उठू शकते आणि त्यावरून कायमची ॲलर्जी सिद्ध होत नाही. तरीही गोळीबाबत आजच डॉक्टरांशी बोलावे. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर तडक रुग्णालय गाठावे.

कोपरीची मावशी:
अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नये, एवढे मला ठाऊक आहे. शिवाय खोलीत कडुनिंबाची धुरी करावी.

येऊरवासी:
मावशी, विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. सोबत जिवाणूंचा संसर्ग आढळलाच तर डॉक्टर औषध बदलून देतील. एरवी विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल, एवढेच उपचार असतात. धुरीने बिचाऱ्याचा घसा आणखी खवखवेल. त्याचे पाण्याचे भांडे मात्र वेगळे ठेवावे.

नेरुळ पूर्व:
तरुण पोर आहे, ताप उतरला की खेळू द्यावे.

येऊरवासी:
हा सल्ला धोक्याचा आहे. या आजारात प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेला अवयव, सुजते आणि पकडीत धक्का बसला तर ती फुटू शकते. म्हणून आजार सुरू झाल्यापासून किमान तीन आठवडे अंगाला अंग भिडणारे खेळ टाळतात. पोटात डावीकडे वरच्या बाजूला किंवा डाव्या खांद्यात अचानक दुखले तर सकाळची वाट पाहू नये.

घणसोलीकर:
सोनोग्राफीत प्लीहा ठीक दिसली तर?

येऊरवासी:
प्लीहेचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे एका सोनोग्राफीच्या भरवशावर लवकर मैदानात उतरता येत नाही. प्रशिक्षकांना आजच कळवावे, म्हणजे त्यांना बदली खेळाडू पाहता येईल.