आर्सेनिकचा निवाडा पाण्याजवळ की प्रयोगशाळेत?

धागाकर्ता: पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. एवढ्याशा आर्सेनिकला जागेवरच्या चाचणीतल्या रंग बदलणाऱ्या कागदाची पिवळसर छटा डोळ्यांनी जोखायची, म्हणजे निम्मा अंदाजच. त्यापेक्षा ॲनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री सरस. आम्ल घातलेल्या नमुन्यात सोन्याच्या इलेक्ट्रोडवर ऋण विभवाला (विद्युतदाबाला) आर्सेनिक साचवायचं, मग विभव धन बाजूला सरकवत उतरवायचं. उतरताना विजेच्या प्रवाहाचं जे शिखर येतं, त्यावरून प्रमाण कळतं. आधीच एकवटल्यामुळे १ मायक्रोग्रॅमच्या खालीही मोजता येतं, आणि यंत्र पिशवीत मावतं. मग प्रयोगशाळेची वाट कशाला बघायची?

प्रतिसाद १: असहमत. शुद्ध पाण्यात शिखर देखणंच येतं हो! विहिरीच्या पाण्यात तांबं असेल तर तेही सोन्यावर बसतं आणि शिखर बिघडवतं. सेंद्रिय पदार्थांचा थर धरला की शिखर बुटकं होतं, म्हणजे चूक नेमकी जीवावर बेतणाऱ्या बाजूला. शिवाय साचतं ते मुख्यतः त्रिसंयुजी रूपातलं आर्सेनिक. पंचसंयुजी या दुसऱ्या रूपाचं आधी क्षपण, म्हणजे त्रिसंयुजीत रूपांतर, करावं लागतं, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

धागाकर्ता: गाळलं, कबूल. पण त्याच नमुन्यात आर्सेनिकची ठरावीक मात्रा मिसळून शिखर किती वाढतं ते पाहिलं, की मंदावलेला इलेक्ट्रोड तिथल्या तिथे पकडला जातो. आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या तुमच्या बाटलीचं काय? हवा लागली की विरघळलेलं लोह गाळ होऊन तळाशी बसतं, आर्सेनिकलाही सोबत नेतं. वरचं पाणी मोजा, निकाल झकास!

प्रतिसाद १: म्हणूनच बाटली भरतानाच आम्ल घालतात. मग आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर) एकूण आर्सेनिक नीट मिळतं. तुमची मात्रेची युक्ती तांब्याच्या शिखराशी गाठ पडली तर उपयोगाची नाही. आणि क्षपण करा, मात्रा घाला, इलेक्ट्रोड घासून चकचकीत करा, एवढं जमणारा माणूस लागणार असेल, तर यंत्र पिशवीत मावलं काय नि न मावलं काय?

प्रतिसाद २: तुम्ही दोघं एका बाटलीवरून भांडताय. शेजारशेजारच्या दोन कूपनलिकांतही आर्सेनिकमध्ये प्रचंड फरक असू शकतो. सगळ्यांचे नमुने वरचेवर प्रयोगशाळेत पाठवणं होत नाही. पिशवीतल्या यंत्रावर लिटरला ४० मायक्रोग्रॅम आलं तर ती नळी लगेच बंद करा, ८-१२ आलं तर बाटली पाठवा.

प्रतिसाद १: ४० ला माझी हरकत नाही. ३ आलं, आणि मात्रा घालून तपासलेलं नसेल, तर ते पाणी मी पिणार नाही.

धागाकर्ता: तपासल्याशिवाय मीही नाही.